अंगणात टाकलेला भाकरतुकडा

प्रिय मालू,

दुपारचे तीन वाजलेत आणि घरात सगळी झोपली आहेत. पाळण्यात तुझी नात, पाळण्याशेजारी केतकी, बाहेरच्या खोलीत विहीणबाई, आणि मधल्या दाराच्या जाळीच्या फाटकाला पाठ टेकवून तांबू. जागा मी एकटा. अशा वेळी तू म्हणायचीस, "पडा की जरा! आढ्यातून काय कविता गळतेय काय?" आता तसं म्हणणारं कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू गेलीस त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुला मुद्दाम कळवावं असं फारसं काही घडलं नव्हतं. काल घडलं. काल तुझी नात सव्वा महिन्याची होऊन रोह्याहून पेणला आपल्या घरी आली, आणि तुझी दोन्ही कुत्री घरातच आहेत. दोन्ही, मालू! एवढं एक वाक्य तुला लिहिता यावं म्हणून मला अडतीस वर्षं लागली.

थांब, पहिल्यापासून सांगतो. मधूनच सुरुवात करायची माझी खोड तुला कधीच आवडली नाही.

केतकी सातव्या महिन्यात माहेरी गेली. माहेर रोह्याचं म्हणतो आपण, पण खरं म्हणजे पुलापलीकडचं, अष्टमी गावचं. निघताना तिने तांबूचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "परत येईन तेव्हा एकटी नसेन हं. तयारीत राहायचं." तांबू शहाण्यासारखी ऐकत होती, आणि यमक्या मागून उगाच शेपूट हलवत होता. यमक्याचं नाव कसं पडलं ते आठवतंय ना? तांबूने मान वळवली की हाही वळवणार, ती बसली की हा बसणार, म्हणून मी मोठ्या हौसेने त्याचं नाव यमक ठेवलं. तू दोन दिवसांत त्याचा यमक्या केलास. "यमक म्हणून हाक मारीन मी? आळी हसंल मला! कुत्र्याला पण शाळेत घालताय काय?"

मुलगी झाली. मी बाळंतविडा घेऊन गेलो. झबली, टोपडी, आणि तुझ्या दोन मऊ सुती पातळांची शिवून घेतलेली दुपटी. बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि विहीणबाई पदर खोचून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"नाना, एक बोलते, राग मानू नका. तुमच्या घरात ती दोन जनावरं हायेत तोवर माझी नात पेणला यायची नाय."

आपला संजू काही बोलणार होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग तोच हात उलटा करून मला दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत जुना, चकाकणारा व्रण. "सात वर्षांची होते मी. पाळण्यात भाऊ होता धाकटा. अंगावर येणारा कुत्रा या हातानं अडवला. तुम्ही कविता वाचलेली माणसं, तुम्हाला कुत्रा इमानी दिसतो. मला त्याचे दात दिसतात."

यावर काय बोलणार मी? बोलली ती आपली सून. बाराव्या दिवसाची बाळंतीण, भिंतीला टेकून बसलेली, पण आवाज असा की शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी ऐकून घ्यावा! "आई, तुझा हात मला माहीत आहे. पण मला तांबूही माहीत आहे. सासूबाईंच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती पलंगाखालून हलली नव्हती. मला सव्वा महिना पुरा होईपर्यंत वेळ दे. आम्ही घर तयार करतो, कुत्री तयार करतो. मग तू स्वतः माझ्याबरोबर चल आणि बघ. तुला पटलं नाही तर मी बाळाला घेऊन तुझ्याबरोबर परत येईन."

मालू, ही मुलगी तू निवडलीस. मी त्या वेळी म्हणालो होतो, फार बोलते. मागे घेतो!

पण विहीणबाईंसमोर मी गप्प का बसलो, हे केतकीला माहीत नव्हतं. ते फक्त तुला माहीत आहे. आणि तुलाही पुरतं नाही.

मोगरा. तुझा पांढरा मोगरा, एक कान काळा. खाडीकाठच्या तुझ्या गावाहून वरातीच्या मागे चालत आला आणि इथलाच झाला. संजूच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेलीस, तेव्हा माझी आई म्हणाली, घरात लेकरू येतंय, त्या कुत्र्याचं काय ते बघ. इतकी वर्षं मी हे मनातल्या मनात आईच्या नावावर खपवलं. खरं सांगू? भीती मलाच वाटत होती. बाप होण्याचीच भीती, पण ती कशावर तरी काढायची असते ना माणसाला! गणपतीचे दिवस जवळ आले होते. आमच्या कारखान्यातून मूर्ती भरून टेम्पो रोह्याला निघाला, त्यात मूर्तींच्या मध्ये गवतावर मी मोगऱ्याला बसवला आणि पुलापलीकडे अष्टमीला उतरवून दिला. मूर्ती मात्र सांभाळून उतरवल्या.

पुढे तू संजूला घेऊन दारात उभी राहिलीस. आईने तुम्हा मायलेकांवरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून अंगणात टाकलं. आपल्याकडे तो तुकडा कधी जमिनीवर टिकायचा नाही, मोगरा वरच्या वर झेलायचा. त्या दिवशी तो पडला आणि तसाच राहिला. तू मागे वळून पाहिलंस.

"मोगरा कुठाय?"

"गेला कुठंतरी."

बस्स. पुन्हा विचारलं नाहीस. संध्याकाळी तो तुकडा तूच उचललास आणि कावळ्यांसाठी कुंपणावर ठेवलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं! का नाही भांडलीस?

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. पुढच्या वर्षी मूर्ती घेऊन रोह्याला गेलो, तेव्हा तो पुलाजवळच्या सायकलच्या दुकानापाशी बसला होता. मला ओळखलं त्याने. परतताना पुलाच्या शेवटापर्यंत टेम्पोच्या मागे धावला. ड्रायव्हर म्हणाला, "नाना, थांबवू काय?" मी म्हणालो, "चल."

हे तुझ्या तोंडावर सांगायचं मला जमलं नाही. पुढे सात वर्षांनी तू भिजलेलं एक पिल्लू पदरात घेऊन आलीस, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही, एवढीच काय ती माझी भरपाई. त्यानंतर हे घर कुत्र्याशिवाय राहिलं नाही. तांबू त्यातलीच एक, तू स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजलेली. आणि आता मी तिला टेम्पोत घालू? पुन्हा?

तर मग आम्ही लागलो कामाला.

केतकी फोनवरून हुकूम सोडायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. रामवाडीच्या जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावलं, दोघांना सुया टोचल्या, नखं कापली. संजूने मधल्या दाराला कमरेइतकं जाळीचं फाटक बसवलं. पाळणा महिनाभर आधीच टांगला, म्हणजे त्यांना तो रोजचा व्हावा. डॉक्टर म्हणाले, "पाळण्यात काहीतरी ठेवा, बाळाएवढं, बाळाच्या वजनाचं. त्याला हातांवर घेऊन फिरा. तुमचं लक्ष वाटलं जाणार, याची सवय कुत्र्यांना आधीपासून पाहिजे."

बाळाएवढं म्हणजे काय? बाजारातली बाहुली फुलासारखी हलकी. शेवटी मी कारखान्यात गेलो, शाडूची माती घेतली आणि पाच दिवस बसून बाळ केलं. हात कापतो आता, नाक थोडं वाकडं झालं. पण गंमत ऐक. जन्मभर मी देवाच्या डोळ्यांची आखणी केली, सगळे डोळे उघडे. या वेळी पहिल्यांदा मिटलेले डोळे केले. झोपलेलं मूल आहे ना! ब्रश टेकवताना वाटलं, तू खांद्यावरून बघतेयस आणि म्हणतेयस, "ओठ तुमच्यासारखे काढू नका म्हंजे झालं."

ते मातीचं बाळ दुपट्यात गुंडाळून मी घरभर फिरायचो आणि शाळेतल्या सगळ्या कविता चालीवर म्हणायचो. शेजारचे हमीदभाई, हो, तेच, गल्फमधून आता कायमचे परत आलेत, कुंपणावरून बघत राहिले.

"नाना, बरे हाव ना?"

"कुत्र्यांना शिकवतोय."

"कुत्रे झोपलेत दोन्ही. कविता बंद करा, रडणं लावा!" आणि स्वतःच मोबाइलवर आपल्या नातवाचं रडणं भरून घेऊन आले. "हे घ्या. एक नंबर माल. आमचा बावा रडला का रामवाडीपर्यंत आवाज जातो."

पहिल्या दिवशी ते रडणं ऐकून यमक्या खाटेखाली शिरला. रोज थोडं थोडं मोठं करत गेलो. पंधराव्या दिवशी तो रडण्याच्या तालावर जांभई द्यायला लागला. मला इतका आनंद झाला की मी त्याला अख्खं बिस्किट दिलं, तुझ्यासारखं मोडून नाही.

राहिला वास. डॉक्टर म्हणाले होते, "बाळाच्या अंगावरचं कापड आणून त्यांना आधीच ओळख करून द्या. माणूस डोळ्यांनी ओळखतो, कुत्रा नाकाने." संजूची डोलवीच्या कंपनीत कधी पहिली शिफ्ट, कधी दुसरी, पण सुट्टीच्या दिवशी तो अष्टमीला जायचा आणि दुपटं घेऊन यायचा. मी ते मातीच्या बाळाला गुंडाळायचो. यमक्या हुंगायचा. तांबू मात्र जवळ यायची, शिंकायची आणि मान फिरवून मागच्या पायरीवर जाऊन बसायची, तू भाजी निवडायचीस तिथे. तीन आठवडे हेच! माझा धीर सुटला. म्हटलं, हिने मनात घेतलंच नाही बाळाला. मग विहीणबाईंना काय दाखवणार?

एकदा ते दुपटं मी माझ्याच नाकाला लावलं. साबण! साबण, नीळ आणि वर कडक इस्त्री.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः एसटीने रोह्याला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तुझ्या त्या मोठ्या स्टीलच्या डब्यात पोह्याचे पापड घेतले. अष्टमीला पोहोचलो तर विहीणबाई मागच्या दारी धुण्याच्या दगडावर दुपटंच घासत होत्या.

"विहीणबाई, ते दुपटं धुवायचं नाही हो! बाळाच्या अंगावरचं तसंच पाहिजे."

"अवो काय बोलताय नाना! लेकीच्या सासरी ओलं, दुधाचं दुपटं धाडू? लोक काय म्हणतील, आईनं हेच शिकवलं? माझ्या घरातून फडका पण इस्त्रीशिवाय गेला नाय कधी."

तीन आठवडे, मालू! बाईंनी व्याह्यांचा मान राखला आणि आमच्या कुत्र्यांनी साबणाला नात समजून ओळख करून घेतली!

मला हसू आलं, आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, मी तिथेच उलट्या घातलेल्या बादलीवर बसलो आणि त्यांना मोगऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. टेम्पो, पूल, तुकडा, सगळं. तुला जे सांगितलं नाही, ते त्यांना. म्हटलं, "तुमचा हात खोटा नाही. पण मी एकदा भीतीचं ऐकलं आणि माझी बायको मला एका शब्दानेही बोलली नाही. ते न बोललेलं अजून माझ्या घरात आहे. या वेळी फक्त रीतीने प्रयत्न करू द्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही."

त्यांनी नळ बंद केला. मला चहा दिला. निघताना डबा माझ्या हातात दिला, गरम लागला बुडाशी. मला वाटलं, अळिवाचे लाडू असतील.

"आता उघडू नका," त्या म्हणाल्या. "वास जाईल. आत्ता पोरीखालचं काढलंय. डबा रिकामा कसा धाडू?"

पेणला येईपर्यंत मी तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "काय आजोबा, दागिने हायेत काय?" मी म्हणालो, "व्हय."

घरी येऊन झाकण काढलं. तांबू मागच्या पायरीवरून उठली. शिंकली नाही. डब्यात तोंड घातलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग दुपटं अलगद ओढून काढलं, त्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. दुपटं तुझ्या पातळाचं. तिला त्यात बाळ सापडलं की तू? कोणाला विचारणार! त्या दिवसापासून ती मागच्या पायरीऐवजी पाळण्याच्या खोलीबाहेर बसायला लागली.

आणि काल ती सगळी आली.

भाकरी मीच थापली. तांदळाची. आकार विचारू नकोस, अख्खा रायगड जिल्हा दिसत होता तिच्यात, खाड्यांसकट. यमक्याचा पट्टा संजूच्या हातात, तांबूचा माझ्या. गाडी थांबली. केतकी दारात उभी राहिली, छातीशी बाळ. आणि तेव्हा लक्षात आलं, ओवाळायला घरात बाई कुठे आहे? त्या क्षणी तुझी जी आठवण आली, ती लिहून दाखवता येईल एवढी कविता मी शिकलेलो नाही.

मी ताट विहीणबाईंच्या पुढे धरलं. "तुम्हीच ओवाळा."

"मी? मी तर बघायला आलेय."

"ओवाळता ओवाळता बघा."

त्यांनी तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं. नजर सगळी कुत्र्यांवर. त्यामुळे तुकडा लांब जायच्या ऐवजी केतकीच्या पायाशीच पडला.

महिनाभर आम्ही काय काय शिकवलं! पाळणा, रडणं, वास, फाटक. भाकरतुकड्याची तालीम घ्यायला मात्र कोणाला सुचलं नाही. यमक्याने हिसका दिला, संजूच्या हातातून पट्टा सुटला, आणि तो बाणासारखा केतकीच्या पायाकडे झेपावला. विहीणबाई ओरडल्या आणि तोच हात, व्रणाचा, बाळाच्या पुढे आडवा धरून उभ्या राहिल्या. सात वर्षांची मुलगी दिसली मला त्यांच्यात, शपथ.

माझ्या हातातला पट्टा कधी सुटला कळलं नाही. तांबू मध्ये जाऊन उभी होती. एकदाच गुरगुरली, ओठातल्या ओठात. यमक्या तुकड्यापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी बसला. मग तांबूने मान वर केली, लोंबणाऱ्या दुपट्याचं टोक हुंगलं. सावकाश. तुझ्या पलंगाखालून बाहेर आल्यावर तुझा हात हुंगायची तसं. आणि वळून पायरीवर बसली. बाळाकडे पाठ, तोंड अंगणाकडे, रस्त्याकडे, सगळ्या जगाकडे.

विहीणबाईंचा हात अजून हवेतच होता. तो हळूहळू खाली आला. त्या एक पाऊल बाजूला सरकल्या, तुकड्याची वाट मोकळी केली आणि म्हणाल्या, "खा गो बाय. तुझाच हाय तो."

गो म्हणाल्या, मालू! आपल्याकडे घरच्या बाईमाणसाला म्हणतात तसं.

तांबूने अर्धा खाल्ला, अर्धा यमक्यासाठी ठेवला. मी सगळ्यांच्या मागे राहून अंगण नीट पाहून घेतलं. जमिनीवर काही उरलं नव्हतं.

विहीणबाई कालच परत जायच्या होत्या. राहिल्या आहेत. केतकीने नियम घालून दिलाय, बाळ आणि कुत्री यांना एकटं कधी सोडायचं नाही, कितीही शहाणी असली तरी. तो नियम सगळ्यात कडक पाळतात त्याच. मघाशी झोपण्याआधी मला म्हणाल्या, "नाना, आता तुमची पाळी. पोरीवर लक्ष ठेवा." मग तांबूकडे बघून, "दोघींवर." मातीचं बाळ मी पुन्हा पाण्यात भिजत घालणार होतो, तेही त्यांनी घालू दिलं नाही. फळीवर ठेवलंय. वाकड्या नाकानिशी.

पाळण्याची दोरी ओढता ओढता अभंगाचे चार तुकडे जुळलेत. बोटांवर अक्षरं मोजली, बरोबर भरतात. हसू नकोस.

दारात बसली तांबू पाठमोरी
पाळण्याची दोरी माझ्या हाती

आता एक वचन. नात बोलायला लागली, गोष्टी मागायला लागली, की तिला एका पांढऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे, ज्याचा एक कान काळा होता. त्याला पुलापलीकडे कोणी सोडलं, ते नाव लपवणार नाही. ती रागावली तर रागावू दे. तू जे बोलली नाहीस, ते तिने बोलावं, भांडावं माझ्याशी. मी खाली मान घालून ऐकून घेईन. आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर या अंगणातून कोणालाही गाडीत घालून नेणार नाही.

यमक्या उठला. म्हणजे तांबू उठली असणार. म्हणजे नात जागी झाली. जातो.

तुझा,
ज्याला तू जन्मभर नुसतं "अहो" म्हणालीस तो